छाट

कंपनी या शब्दाचा अर्थ आमच्या घरात आधीच ठरलेला होता.
कंपनी म्हणजे ब्रँच, ब्रँच म्हणजे खिडकी,
खिडकीपलीकडे चेकर
आणि चेकरच्या डाव्या हाताला छाटीची पाटी.

म्हणून मी कंपनीत लागले तेव्हा
अम्मानं पहिला प्रश्न विचारला:
माल कुठं टाकतीस?

सात वर्षं झाली. उत्तर जमलेलं नाही.
पुण्याची इमारत तिला एकदा नेऊन दाखवली.
काचेची, आत झाडं, नाश्ता फुकट, अकरा प्रकारचा,
झोपायला खोल्या, ज्यांत कुणी झोपत नाही.
ती म्हणाली, गार हाय गं.
मग खालच्या आवाजात: पण इथं बनतंय काय?

सांगू शकले असते, की
मागच्या वर्षी आम्ही नऊ जणांनी मिळून
एक बटण डावीकडून उजवीकडे नेलं.
पाच महिने, चौदा बैठका, तीन देशांची परवानगी.
ते बटण चाळीस कोटी लोक दाबतात
आणि ते हललेलं एकालाही कळलं नाही,
म्हणून आम्हाला नाव विणलेलं लोकरी जाकीट मिळालं.
ते मी सोलापूरला आणलं. मे महिन्यात.
अम्मानं त्यात लोणच्याची बरणी गुंडाळून ठेवली.

या खेपेला पंधरा दिवस घरूनच काम.
कुंभारीचं घरकुल, बाहेर त्रेचाळीस,
कूलरपुढे लॅपटॉप, लॅपटॉपपुढे मी,
आणि मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं
भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेतलेली ती.
पान, तंबाखू, वळ, दोरा, मुडप.
पान, तंबाखू.
सिंगापूरचा माणूस विचारतो, तुझ्याकडे आवाज कसला येतोय?
कात्रीचा, म्हणायला हवं होतं.
मी म्यूट केलं.
स्वतःलाच, अर्थात.

रात्री साडेदहाला वार्षिक तक्ता.
लीड झाल्यापासून तो मी भरायचा.
आठ नावं. आठांतलं एक खाली गेलंच पाहिजे
असं कुठेच लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे.
हे मी अम्माला सांगितलं, उगाच, जांभई देत,
अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत.

तिचा हात थांबला.
माल चांगला असला तरी छाट?
असला तरी.
म्हणजे तू खिडकीच्या आत गेलीस.

चिडून नाही म्हणाली.
आवाजात जरासा अभिमानच होता,
आणि तोच मला झेपला नाही.

तिच्या ब्रँचच्या चेकरचं नाव कोनापुरे.
छाटलेल्या विड्या तो परत देत नसे,
संध्याकाळी त्याचा मेहुणा स्टँडजवळ सुट्या विकायचा.
त्या पेटायच्या का गं? मी लहानपणी विचारलं होतं.
पेटायच्या की. गिऱ्हाईक मागून न्यायचं.

आमच्यात प्रणील नावाचा मुलगा आहे, औशाचा, नवा.
जानेवारीत त्याचे वडील गेले.
बारा दिवस त्यानं काम केलं नाही, तेराव्या रात्री
तीन वाजता पडलेली यंत्रणा एकट्यानं उभी केली.
तक्त्यात बारा दिवस दिसतात.
रात्रीच्या तीनला रकाना नाही.

कर्सर त्याच्या नावापुढे लुकलुकतो.
वीज जाते. कूलर घरघरून गप्प होतो.
अंधारात अम्माची बोटं चुकत नाहीत,
पंचवीस झाल्या की कट्टा, कट्टा झाला की बाजूला.
बॅटरी अजून दोन तास आहे, ती सबबही नाही.
मोबाईलवर निरोप: फक्त तुझा तक्ता बाकी,
पुढे एक हसरा चेहरा.

कुणाचं पोरगं हाय? ती विचारते.
मी नाव सांगत नाही.
सांगितलं तर ती लक्षात ठेवील.
शहाऐंशी साली कोनापुरेनं
कुणाकुणाच्या किती विड्या फेकल्या
ते तिला अजून पाठ आहे,
आकड्यांसकट.